आपले प्रश्न : जनसुनावणीला जाताना

प्रश्न : आमच्या खाडीकाठी रासायनिक प्रकल्प येतोय. जनसुनावणीची नोटीस पेपरात आली आहे. गावात कुणी म्हणतं बहिष्कार टाकू, कुणी म्हणतं आपण काही शास्त्रज्ञ नाही, जाऊन बोलणार काय? – एक वाचक, रायगड

उत्तर : बहिष्कार टाकू नका. १४ सप्टेंबर २००६च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन) अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मंडप रिकामा राहिला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. उधळून लावणं तर आणखी महागात पडतं. इथे लोकांना मोकळेपणाने बोलता येणार नाही, असा अहवाल गेला की सुनावणी वगळून पुढे जायची मुभा त्याच अधिसूचनेत आहे.

नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत. आधी ते मोजा. मग प्रकल्पाचा ईआयए अहवाल मिळवा. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात तो बघायला ठेवलेला असतो. मराठीत फक्त सारांश देणं बंधनकारक आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण आकडे आतल्या इंग्रजी तक्त्यांत असतात. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या १६ मे २०१०च्या सुनावणीतही मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही, ही ग्रामस्थांची तक्रार होती.

आता बोलायचं काय? प्रकल्प वाईट आहे, एवढ्याने काहीच होत नाही. सुनावणीत मतदान नसतं. हरकती तज्ज्ञ समितीपुढे जातात. तेव्हा पान क्रमांक धरून बोला. मोजमापं बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची असतात, पण खाडीतले बरेच मासे अंडी घालतात ते पावसाळ्यात. पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यात, भरतीला घेतले की ओहोटीला? दहा किलोमीटरच्या परिघातली आपली वाडी यादीत आहे का? हे विचारायला कोळ्याला पदवी लागत नाही, उलट उत्तर द्यायला कंपनीच्या सल्लागाराला घाम फुटतो.

हरकत लेखीही द्या. सुनावणीआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स दिल्या तर त्या एकच मुद्दा म्हणून मोजल्या जाण्याची शक्यता जास्त. पाच घरांनी पाच वेगळे मुद्दे दिलेले बरे.

सगळ्यात मोठी चूक संध्याकाळी होते. भाषणं संपली की लोक एसटी गाठायला उठतात, आणि नेमकं त्यानंतर इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच उभं राहून नोंदवून घ्या, कारण त्याच दिवशी अध्यक्षस्थानचे जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी त्यावर सही करतात. संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण सक्तीचं आहे. माहिती अधिकारात त्याची प्रत मागा.

मंजुरी निघालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे (पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात) अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दिलं तर आणखी ६०, त्यापुढे दार बंद.

प्रश्न : लोकांचं ऐकून सरकारने कधी तंत्रज्ञान थांबवलंय का? – एक वाचक, जालना

उत्तर : हो, बीटी वांगं, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेलं वांगं. आणि ते तुमच्याच गावच्या महिको कंपनीचं. ऑक्टोबर २००९मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने त्याला हिरवा कंदील दिला. मग तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सभा घेतल्या, त्यांत नागपूरही होतं. ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती आली. कारणांत लोकांच्या विरोधाबरोबर राज्य सरकारांचे आक्षेप आणि स्वतंत्र चाचण्यांची उणीवही होती. मात्र त्या सभा मंत्र्यांनी आपणहून घेतल्या होत्या. ईआयएच्या सुनावणीसारखी त्यांना कायद्याची सक्ती नव्हती, त्यामुळे पुढच्या पिकाच्या वेळी त्या हक्काने मागता येत नाहीत.