प्रास्ताविक करण्याआधी

आपल्या फिल्म क्लबात सिनेमाआधी तू पहिल्यांदाच बोलणार आहेस, म्हणून सांगते. अमेरिकन विनोदवीर बस्टर कीटनचा 'सेव्हन चान्सेस' (1925) हा मूकपट मी लॉ कॉलेज रोडजवळ दाखवला होता. त्यात चिठ्ठी पोचवायला निघालेला मंद गडी आहे. गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासून केलेला. तिसऱ्या रांगेत पुण्यात शिकणारा एक नायजेरियन मुलगा होता. तोवर खळखळून हसत होता. तो गडी पडद्यावर आला आणि या मुलाने हाताची घडी घातली. पुढे डोंगरावरून दगड घरंगळले, अख्खा हॉल हसला, त्याची घडी काही सुटली नाही. मी आधी एक शब्द बोलले नव्हते, ते अजून खुपतं.

तेव्हा असा प्रसंग येणार हे आधीच सांग. प्रसंग कापू नकोस. कापलास तर कीटनही तसंच करायचा हे कुणाला कळणारच नाही. आणि 'त्या काळी चालायचं' असं तर मुळीच म्हणू नकोस. 1915 मध्येच अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी 'द बर्थ ऑफ अ नेशन' या वर्णद्वेषी सिनेमाविरुद्ध निदर्शनं केली होती. चालायचं ते हसणाऱ्यांना.

आपले ज्येष्ठ सभासद म्हणतील, विनोद विनोदासारखा घ्या. वाद घालू नकोस, 'द पार्टी' या हॉलिवूडपटात रंग फासून भारतीय झालेल्या गोऱ्या पीटर सेलर्सची आठवण करून दे. तो 1968 चा. त्याच वर्षीच्या 'पडोसन'मधल्या मेहमूदच्या मद्रासी मास्तरजींवर आपण किती हसलो, तेही विचार. चर्चेला निदान अर्धा तास ठेव.