डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं, हे बरोबर का?

ताई, तुमच्या १३ वर्षांच्या मुलाशी बालरोगतज्ज्ञ एकट्याने बोलले, तुम्हाला बाहेर बसवलं आणि आत ‘तसला’ विषय निघाला म्हणून तुम्ही चिडलाय. बेळगावात मुलांच्या वॉर्डात नर्स होते, म्हणून स्पष्ट सांगते: डॉक्टरांनी आपलं काम केलं.

लसी संपल्या की मुलांचा डॉक्टर संपला, असं आपण धरून चालतो. खरं तर १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यांच्याकडेच येतात. मुलगा वयात येतो तेव्हा आधी अंडकोश वाढू लागतात, साधारण ९ ते १४ या वयात कधीही. बऱ्याच मुलांच्या छातीत दुखरी गाठ येते, ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत जिरते. झोपेत वीर्य जाणं हा आजार नव्हे. हे कुणी सांगितलं नाही तर पोरगं मोबाइलवर नको ते बघतं, नाहीतर भिंतीवरची ‘गुप्तरोगा’ची जाहिरात वाचून घाबरतं. तुमच्यासमोर त्याने हे विचारलं असतं का?

आत काय झालं ते खोदून विचारू नका. जिवाला धोका असला तर डॉक्टर आपणहून सांगतील. लैंगिक अत्याचार कळला तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने (२०१२) त्यांना बंधनकारकच आहे. मात्र अंगाची तपासणी असेल तर तुम्ही किंवा नर्स आत हवी, एवढा आग्रह धरा.

धाकटी १० वर्षांची म्हणालात. तिची एचपीव्हीची लस (गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी) याच डॉक्टरांना विचारा. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ नंतर सुरू केली तर तीन. ‘ही सुई कशाला?’ असं ती विचारेलच. पाळीचं बोलणं तिथूनच काढा, पाळी यायच्या आधी.

फी परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात ‘स्नेहा क्लिनिक’ विचारा, १० ते १९ वयासाठी असतं. चंदगडकडचे पाहुणे ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतील, ते महाराष्ट्रातलं नाव. समुपदेशक मराठी बोलतात का, हे आधी विचारून घ्या. आपली पोरं बाजारात कानडी फाडफाड बोलतात हो, पण लाजेचं बोलणं घरच्याच भाषेत निघतं.

पुढच्या वेळी ओपीडीतला शेवटचा नंबर मागा. बाहेर गर्दी खोळंबलेली असली की डॉक्टरही घाई करतात आणि पोरगंही.