रामसरच्या आधी मे महिन्यातला तो अहवाल खोडून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. भंडारा जिल्ह्यातला माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव, सारसाची एक जोडी, हिवाळ्यात उतरणारे पट्टकदंब आणि नकटे, ग्रामसभेचा ठराव, आणि तलावाचं नाव पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत यावं म्हणून स्वित्झर्लंडला रामसर सचिवालयाकडे पाठवलेला अर्ज. तुमचा प्रश्न असा की तिकडून काहीच हालचाल नाही, तर आता जगातल्या कोणत्या मोठ्या माणसाला गाठावं? आणि पोस्टच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की मे महिन्यात स्थानिक कार्यालयाने पाहणी केली आणि ‘पाणी आढळून आले नाही’ असा शेरा मारला.

ते शेवटचं वाक्य पोस्टमध्ये सगळ्यात वर हवं होतं. तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

आमच्या बाजूच्या एका मामा तलावाचं हेच झालं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण माणसं बदलतात आणि शेरा तसाच राहतो. भर मे महिन्यात दोघे कर्मचारी आले, पाळीवर उभे राहिले, भेगाळलेल्या मातीचे आणि चरणाऱ्या गुरांचे फोटो काढले. तलावाच्या पोटात पाणी ओसरल्यावर गाळपेर होते, पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. त्यांनी लिहिलं, ‘सदर क्षेत्र शेतीखाली असून पाणीसाठा आढळून आला नाही.’ गावातल्या एकाही धीवराला, म्हणजे तलावावर मासेमारी करणाऱ्याला, विचारलं नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा या, अशी विनंती केली तर ‘अहवाल सादर झाला आहे’ एवढं उत्तर मिळालं.

त्या एका ओळीने जे नुकसान केलं त्याबद्दल मला आजही संताप येतो. वरच्या प्रत्येक कार्यालयाने तीच ओळ उचलून आम्हाला परत पाठवली. आमच्याकडे पक्ष्यांच्या नोंदी होत्या, फोटो होते, ठराव होता. फाइलमध्ये मात्र ‘पाणी नाही’ होतं आणि फाइलच चालत राहिली. मधल्या काळात त्याच अहवालाचा आधार देऊन तलावाच्या पोटातून मुरूम उचलायची परवानगी निघाली. उथळ काठ, जिथे देवधान उगवायचं आणि सारस उभे दिसायचे, तिथे खोल खड्डे झाले. तलावात पाणी आजही असतं, पण सारसाला लागतो तो गुडघाभर पाण्याचा पट्टा गेला. तुमच्याकडे अजून यंत्रं लागलेली नाहीत असं पोस्टवरून वाटतं, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

आता या शेऱ्याला उत्तर काय द्यायचं ते सांगतो. 1971 च्या रामसर कराराचं पहिलंच कलम पाणथळ जागेची व्याख्या करतं आणि त्यात नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायम किंवा तात्पुरतं, साचलेलं किंवा वाहतं, गोडं, मचूळ किंवा खारं, सगळं पाणी येतं. ‘तात्पुरतं’ हे तिथे मुद्दाम घातलेलं आहे. म्हणजे उन्हाळ्यात आटणारा तलाव पाणथळच आहे, हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय करारात लिहून झालं आहे आणि भारताला तो करार 1982 पासून लागू आहे. याहून जास्त कामाचा पुरावा आपल्या घरचाच. इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने देशभरातल्या पाणथळ जागांचा जो ॲटलास केला, त्यात पावसाळ्यानंतरचा आणि पावसाळ्यापूर्वीचा असा दोन्ही वेळचा पाण्याचा पसारा मोजला आहे. शासनाचंच शास्त्रीय काम दोन ऋतूंत मोजतं, तर मे महिन्यातल्या एका फेरीवर निर्णय कसा घेता, असा प्रश्न लेखी विचारा. आमची कोंडी फुटली ती याच मुद्द्यावर. फेरपाहणी ऑक्टोबरमध्ये झाली आणि शेरा बदलला.

त्याच ॲटलासच्या नव्या आवृत्तीत सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या 2,31,195 पाणथळ जागा आहेत. तुमचा तलाव त्यात असण्याची दाट शक्यता आहे, आधी तो शोधा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये या सगळ्या जागांची प्रत्यक्ष पाहणी आणि सीमांकन पूर्ण करायला राज्यांना सांगितलं आहे. आदेशाची प्रत अर्जाला जोडा. मी वकील नाही, त्यामुळे आदेशाचा नेमका अर्थ आणि सध्याची स्थिती एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या.

एक अडचण येणारच आहे, तिची तयारी ठेवा. 2017 च्या केंद्रीय नियमांनी सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी खास बांधलेल्या जागा व्याख्येतून वगळल्या आहेत. तुम्हाला सांगितलं जाईल की मामा तलाव हा सिंचन तलाव आहे, विषय संपला. माझं मत, आणि हे माझंच मत आहे, की कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव फक्त सिंचनाचे कधीच नव्हते. मासे, शिंगाडे, कमळकांदे, गुरांचं पाणी, सगळं त्यावर चालत होतं. हे सिद्ध करणारा कागद आपल्या विदर्भात आहे, तो म्हणजे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, गावाच्या सामाईक वापराच्या आणि वहिवाटीच्या जुन्या नोंदी. तहसीलमधून दोन्हींच्या नकला काढा. सातबारावर अडून बसू नका, त्यात पाण्याची गोष्ट फारशी सापडत नाही. आणि कुणी म्हणालं की माणसाने अडवलेल्या पाण्याला रामसर मिळत नाही, तर नांदूर मध्यमेश्वरचं नाव घ्या. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, आणि आहे काय? गोदावरीवर सिंचनासाठी बांधलेला बंधारा. तमिळनाडूतलं वेदांथंगल हाही सिंचनाचाच जुना तलाव.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

स्वित्झर्लंडमधलं ग्लांडचं सचिवालय तुमचा प्रस्ताव घेऊ शकत नाही. स्थळ जाहीर करणं हा सदस्य देशाचा अधिकार आहे, म्हणजे प्रस्ताव राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे आणि तिथून पुढे. सरचिटणीस डॉ. मुसोंडा मुंबा झांबियाच्या आहेत, 2022 पासून त्या पदावर आहेत, पण त्यांनी ठरवलं तरी भंडाऱ्यातला तलाव यादीत घालता येणार नाही. ग्लांडला लिहिण्याचा उपयोग होतो तो स्थळ आधीच यादीत असेल आणि तिथे नासधूस चालू असेल तेव्हा. तक्रार गेली की सचिवालय त्या देशाच्या सरकारकडे विचारणा करतं. दंड नाही, बंदी नाही, पण विचारणा झाली की दिल्लीत कुणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं. (आणि रामसर म्हणजे युनेस्कोचं जागतिक वारसा स्थळ नव्हे. दोन्ही एकाच अर्जात मिसळू नका, तेवढ्या कारणावरून कागद परत येतात.)

करार उभा करणारी माणसं कोण होती हे माहीत असावं, पण त्यातून काय घ्यायचं तेही नीट घ्या. स्विस पक्षीशास्त्रज्ञ ल्यूक हॉफमन रोश या औषध कंपनीच्या घराण्यातले. त्यांनी फ्रान्सच्या कामार्ग भागात 1954 मध्ये तूर द्यू वाला हे संशोधन केंद्र काढलं आणि 1962 मध्ये तिथेच पाणथळींवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. इंग्लंडचे जेफ्री मॅथ्यूज मसुद्यावर वर्षानुवर्षं बसले. इराणचे इस्कंदर फिरूझ यांनी कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी यजमानपद घेतलं आणि 2 फेब्रुवारी 1971 रोजी 18 देशांनी मजकूर मान्य केला. परिषदेपासून करारापर्यंत नऊ वर्षं गेली. पैसा, ओळखी, विज्ञान, सगळं हाताशी असलेल्या लोकांना एवढा वेळ लागला. आपल्याला वेळ लागतो म्हणून खचू नका.

तुम्ही ज्यांचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं ते ध्रुबज्योती घोष. पश्चिम बंगाल सरकारचे अभियंते. 1980 च्या दशकात कोलकात्याचं सांडपाणी जातं कुठे हे शोधत ते शहराच्या पूर्वेला गेले आणि त्यांना दिसलं की तिथले मच्छीमार आणि शेतकरी उथळ भेड्यांमध्ये, म्हणजे मासे वाढवायच्या तळ्यांमध्ये, ते पाणी सूर्यप्रकाशावर शुद्ध करून त्यातून मासे आणि भाजी काढतात. घोष यांनी ही पद्धत कागदावर मांडली, हद्दीचा नकाशा करून घेतला. मग 1992 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातल्या बांधकामाला अटकाव केला. रामसरचा दर्जा आला 2002 मध्ये, साडेबारा हजार हेक्टरांना. क्रम बघा. आधी लोकांचं काम समजून घेतलं, मग नकाशा, मग न्यायालय आणि शेवटी रामसर. 2018 मध्ये घोष गेले, पण त्यांनी आखलेली हद्द अजून वादात उपयोगी पडते.

उलट्या क्रमाचं उदाहरण ओडिशाचं चिल्का सरोवर. 1981 मध्ये भारताच्या पहिल्या दोन रामसर स्थळांत चिल्का आलं आणि तरी गाळाने भरत राहिलं, समुद्राकडचं मुख बुजत गेलं, 1993 मध्ये माँट्रो नोंदीत म्हणजे बिघडलेल्या स्थळांच्या यादीत गेलं. वाचवलं ते विकास प्राधिकरणाच्या प्रत्यक्ष कामाने. अजित कुमार पटनायक यांच्या काळात सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राला नवं मुख उघडलं, खारेपणा सावरला, मासळी परतली आणि 2002 मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आलं. दर्जा मिळाला म्हणून पाणी वाचत नाही, हे मी चिल्क्याकडे बघून म्हणतो. भारतात 2014 पर्यंत 26 रामसर स्थळं होती, आज नव्वदच्या वर आहेत. आनंद आहेच, पण प्रत्येकाची हद्द जमिनीवर आखली आहे का, हा प्रश्न विचारत राहायला हवा.

तरीही रामसरसाठी जायचंच असेल तर वीस हजार पाणपक्ष्यांच्या निकषामागे लागू नका. सगळे तिथेच अडकतात. निकष नऊ आहेत आणि एक पुरतो. संकटग्रस्त प्रजातीला आधार देणारी जागा हा दुसरा निकष, आणि सारस जागतिक यादीत असुरक्षित गटात आहे. सारसाच्या विषयात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतलेली आहे, त्यातले आदेशही वाचा. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या संकेतस्थळावर टाका आणि जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत तलावाचं नाव दरवर्षी यायला हवं, वहीतल्या नोंदींना कुणी विचारत नाही.

आणि एक, जे तुमच्या पोस्टमध्ये मला कुठेच दिसलं नाही. धीवरांची मत्स्य सहकारी संस्था ठरावात का नाही? भरतपूरला केवलादेवमध्ये 1982 साली गुरं चारायला एकदम बंदी घातली, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पास्पालम गवताने पाणी व्यापलं आणि पक्ष्यांचं नुकसान झालं. रामसर करार वापर बंद करा म्हणत नाही, सुज्ञ वापर म्हणतो. पण स्थानिक पातळीवर ‘संरक्षण’ ऐकलं की कुंपण घालायची घाई होते. धीवर तुमच्याविरुद्ध उभे राहिले तर तलाव हातचा गेला असं समजा, आणि त्यांचं उभं राहणं रास्त असेल. चेन्नईच्या जयश्री वेंकटेशन यांना 2025 मध्ये रामसरचा सुज्ञ वापरासाठीचा पुरस्कार मिळाला. त्यांचं पळ्ळीकरणै दलदलीवरचं काम शोधून वाचा, ज्या जागेवर महानगराचा कचरा पडत होता ती 2022 मध्ये रामसर स्थळ झाली.

माझा सल्ला म्हणून विचाराल तर या वर्षी रामसर बाजूला ठेवा. लोकजैवविविधता नोंदवहीत तलाव सविस्तर लिहून घ्या. सामूहिक वनहक्काचा दावा गावाने केला असेल तर वनहक्क कायद्यात मासे आणि जलसाठ्यांच्या उत्पादनावरचा हक्क आहे, तो सुटला असेल तर जोडा. काठावरचं बेशरम हे झुडूप उपटायचं असेल तर पाणी ओसरल्यावर मुळासकट काढा. नुसतं कापलं तर पुढच्या पावसात दुप्पट फुटतं, आणि उपटलेलं पाण्याजवळ टाकू नका, कांडीपासून रुजतं.

फेरपाहणीचा अर्ज ऑगस्टच्या आत द्या, म्हणजे ऑक्टोबरची तारीख मागता येते. पाहणीच्या दिवशी मत्स्य संस्थेचे दोन जाणते आणि सरपंच हजर ठेवा, पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घ्या आणि प्रत तिथल्या तिथे मागा. देत नसतील तर त्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज टाका. अर्जाचा मसुदा इथे टाकलात तर मी नक्की बघेन.