गांजा सोडल्यानंतरचे पहिले आठवडे: एका तरुणास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सात वर्षांची सवय मोडून तुला बारा दिवस झाले आणि बरे वाटण्याऐवजी पोटात गोळा येणे, अन्नावरची वासना उडणे, तळहातांना घाम, छातीत धडधड आणि कारणावाचून वाटणारी भीती एवढेच पदरी पडले, असे तू लिहिले आहेस. रात्री तीन वाजता घामाने भिजलेले बनियन बदलायचे, पण खोलीतली बाकीची मुले जागी होतील म्हणून दिवा लावायचा नाही, हे वाचून जीव कळवळला. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला आजारी पडायलाही एकांत मिळत नाही. तुझा मुख्य प्रश्न असा आहे, की हा त्रास गांजा सोडल्याचा आहे, की मुळातच तुझ्यात काही बिघाड आहे आणि गांजा तो झाकून ठेवत होता.

गांजा सोडल्याचा त्रास होत नाही, असे तुझ्या मित्रांप्रमाणे पूर्वी पुष्कळ लोक मानत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत या त्रासाची रीतसर नोंद केली. चिडचिड, अस्वस्थता, भीती, झोप उडणे, भूक मंदावणे, पोटदुखी, घाम, थंडी वाजणे, डोकेदुखी ही त्यातली लक्षणे तुझ्या पत्रातल्या लक्षणांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. हा त्रास सहसा सोडल्यापासून एक ते तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो आणि बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत बराच कमी होतो. झोपेची तक्रार मात्र महिनाभर किंवा त्याहून अधिक रेंगाळू शकते.

असे का होते, हे समजले की भीती थोडी आटोक्यात येते, म्हणून सांगतो. गांजातला टीएचसी हा नशा आणणारा घटक मेंदूतील ज्या ग्राहींवर (पेशींवरच्या, ठरावीक द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या रिसेप्टरांवर) काम करतो, त्यांवर काम करणारी द्रव्ये आपले शरीर स्वतःही तयार करते आणि भूक, झोप, भीती यांचा तोल राखण्यात त्यांचा वाटा असतो. वर्षानुवर्षे बाहेरून भरमसाट पुरवठा झाला, की मेंदू हे ग्राही कमी करतो. पुरवठा थांबल्यावर काही काळ शरीराची स्वतःची द्रव्ये अपुरी पडतात. असे ग्राही आतड्यांतही असतात, त्यामुळे पोट बिघडते. गांजा सोडल्यावर हे ग्राही पहिल्या काही दिवसांतच सावरू लागतात आणि साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होण्याच्या जवळ पोहोचतात, असे संशोधनात दिसून आले आहे. स्वप्नांचेही तसेच. नियमित गांजा ओढणाऱ्याची स्वप्नांची झोप दबलेली असते आणि ती आता उसळून वर येते. स्वप्नात आपण जॉइंट ओढला आणि दचकून, अपराधी वाटून जागे झालो, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्यावरून तुझा निश्चय कच्चा आहे, असे समजू नकोस.

‘एक झुरका मार, लगेच बरे वाटेल’ हा मित्राचा सल्ला तू मला कळवलास. बरे वाटेल, हे खरेच आहे, आणि तिथेच फसगत होते. तलफ भागली की अस्वस्थता शमणारच. पण त्यावरून गांजा हे तुझ्या भीतीवरचे औषध होते, असा निष्कर्ष निघत नाही. आठवून पाहा, गेली काही वर्षे संध्याकाळी माल मिळायला उशीर झाला की तुझे हात थरथरत आणि जीव घाबरा होई, असे तूच मला सांगितले होतेस. जी भीती गांजाने शमत होती, तिचा मोठा भाग गांजानेच निर्माण केलेला होता. तिच्याखाली खरोखरीची काही जुनी चिंता आहे का, हे आज ना तू सांगू शकतोस ना मी. सहा आठवड्यांनंतरही ती एवढीच राहिली, तर तो स्वतंत्र आजार मानून त्यावर उपचार करू, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

आता एक गोष्ट तुझ्या पत्रात ओझरती आली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. तुम्ही मुले गांजा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढता. म्हणजे गांजाबरोबर तंबाखूचेही व्यसन लागलेले असते. आता गांजा सुटला, पण सिगारेटी दुपटीने वाढल्या आणि अभ्यासिकेतून उठून अमृततुल्यवर चहाच्या फेऱ्याही वाढल्या, असे तू लिहितोस. निकोटिनने नाडी जलद होते, चहाने झोप उडते, आणि तू मध्यरात्री छातीवर हात ठेवून हृदयविकाराचा विचार करत बसतोस. ईसीजी व्यवस्थित आला आहे, हे चांगले झाले. दुपारनंतर चहा घेऊ नकोस आणि सिगारेट सोडण्याचा विषय डॉक्टरांकडे मोकळेपणाने काढ. दारूचा आधार घेऊ नकोस आणि मित्राच्या पाकिटातली झोपेची गोळी तर अजिबात नको. एक सोडून दुसऱ्यात अडकलेली मुले मी फार पाहिली आहेत.

धडधड सुरू झाली की पाय जमिनीला टेकवून बस आणि आत घेतलेल्या श्वासापेक्षा बाहेर सोडायचा श्वास लांब ठेव. भीतीचा असा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. घामामुळे पाणी कमी पडते, म्हणून पाणी, ताक, लिंबू सरबत घेत राहा. मेसचे तिखट जेवण उतरत नसेल, तर मऊ खिचडी किंवा पेज थोडी थोडी, दिवसातून चार वेळा खा. सकाळी उजाडल्यावर पर्वतीच्या पायऱ्या चढून ये. दिवसाचा उजेड आणि दमलेले शरीर, दोन्ही झोपेला मदत करतात. परीक्षेचा नाद सोडून गावी परतायचे का, हा निर्णय या महिन्यात घेऊ नकोस. आईला आत्ताच सांगावे असा माझा आग्रह नाही, पण दादाला सांग. रात्री फोन करता येईल असे घरचे एक माणूस तुला हवे.

डॉक्टरांकडे गेलो तर पोलिसांपर्यंत गोष्ट जाईल, ही तुझी भीती मला समजते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ससूनच्या मानसोपचार विभागात जा. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले येरवड्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही तुझ्या आवाक्यात आहे. या त्रासावर खास असे एक औषध नाही. पण झोप, मळमळ, भीती यांवर डॉक्टर तात्पुरती औषधे देऊ शकतात आणि समुपदेशनाचा उपयोग होतो. मात्र छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जाऊ लागली, दम लागला किंवा भोवळ आली, तर गांजाचा त्रास म्हणून अंगावर काढू नकोस, १०८ ला फोन कर. कानात आवाज येऊ लागले किंवा सगळे आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटू लागले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जीव नकोसा वाटला, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येते. आणि मलाही वेळ न पाहता फोन कर.

सोमवारी सकाळी ससूनला जा. किती वर्षे, किती आणि तंबाखूत मिसळून ओढत होतास, हे काही न लपवता सांग. एकट्याने जायला धीर होत नसेल, तर रविवारी रात्रीपर्यंत कळव, मी सोबत येतो.

तुझा,
काका