जुन्या अमेरिकन टीन कॉमेडी मुलांना दाखवाव्यात का? त्यात सगळे गोरेच का असतात?

सगळे गोरेच असते तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. 'द ब्रेकफस्ट क्लब' (१९८५) मधली पाचही पोरं गोरी आहेत, त्याचा मला काडीचा त्रास होत नाही. जॉन ह्यूजने शिकागोजवळची उपनगरं दाखवली, तिथली वस्ती बहुतेक तशीच होती. डोकं फिरतं ते हसायला म्हणून एखादा वेगळा आणून ठेवतात तेव्हा. त्याच ह्यूजच्या 'सिक्स्टीन कँडल्स' (१९८४) मधला लाँग डक डाँग घ्या. आशियातून आलेला परदेशी विद्यार्थी. तो आला की मागे गाँग वाजते, बास, तोच विनोद. काम करणारा गेडी वातानाबे जन्माने अमेरिकन, युटाचा. त्याला इंग्रजी मोडून बोलायला लावलं.

२००२ मध्ये 'व्हॅन वायल्डर' आला तेव्हा मी नाशिकहून न्यू जर्सीला येऊन नुकताच शाळेत रुळत होतो. पुढे त्याची डीव्हीडी आली आणि आत्येभावाच्या बेसमेंटमध्ये त्याचे मित्र जमले. पडद्यावर भारतातून आलेला ताज महाल बदलंदाबाद अवतरला. आडनाव बघा! गड्याचा सगळा जीव पोरगी पटवण्यात, आणि ते जमत नाही म्हणून हशा. सोफ्यावरच्या एकाने वळून माझ्याकडे पाहिलं, मग एकेक करत सगळ्यांनी. दादा, म्हणजे तो आत्येभाव, सर्वांत मोठ्याने हसत होता. त्याला परवडत होतं, तो इथेच जन्मलेला, बोलणं त्या पोरांसारखंच. माझं इंग्रजी अजून नाशिकचं होतं. त्यानंतर शाळेच्या बसमध्ये मी चढलो की "ए ताज, बोलून दाखव ना!" माझं नाव काय, हे त्यातल्या निम्म्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

दादा दर गणपतीत तेच ऐकवतो, "अरे, निदान आपला एक जण तरी दिसला ना पडद्यावर!" दिसला की. म्हणून तर मला ते नाव चिकटलं. कोणीच दिसला नसता तर मी नुसता नवीन पोरगा राहिलो असतो.

ताज झालेला काल पेन म्हणजे कल्पेन मोदी, न्यू जर्सीचाच. त्याच्यावर माझा राग नाही, मिळेल ते काम करावं लागतं. २००४ मध्ये 'हॅरल्ड अँड कुमार' मध्ये तोच कुमार झाला: बाप डॉक्टर, याला मेडिकलला जायचं नाही, अख्खी रात्र बर्गरच्या मागे. आळशी, आगाऊ, पण विनोद करणारा तो स्वतः. (पोरांना दाखवू नका, गांजा फार आहे.)

हां, तुमचा प्रश्न. 'ब्रिंग इट ऑन' (२०००) दाखवा. त्यात गोऱ्या मुलींची चॅम्पियन चिअरलीडिंग टीम ज्या रूटीन (नाच-कसरती) मिरवते, त्या काळ्या मुलींच्या टीमकडून चोरलेल्या असतात, आणि शेवटी नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, त्या काळ्या मुलीच जिंकतात. 'क्लूलेस' (१९९५) पण चालेल, त्यातल्या डिऑनला, नायिकेच्या काळ्या मैत्रिणीला, स्वतःचा बॉयफ्रेंड आहे, भांडणं आहेत, तोरा आहे. 'सिक्स्टीन कँडल्स' मात्र लहानांना नकोच. दारूने शुद्ध नसलेली मुलगी एक पोरगा दुसऱ्याच्या हवाली करतो, तेही गंमत म्हणून. मॉली रिंगवॉल्ड या सिनेमाची नायिका, पण २०१८ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये तिनेच या जुन्या सिनेमांबद्दल अस्वस्थ होऊन लिहिलं.

'व्हॅन वायल्डर' कॉलेजातला आहे, त्यामुळे काटेकोर पाहिलं तर तुमच्या प्रश्नात बसत नाही. पण दादा हे वाचणार आहे. दादा, तुझ्या लेकाला शाळेत काय हाक मारतात ते आधी विचार, मग पुढच्या गणपतीत बोलू.