मधल्या वेळचा खाऊ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. बालवाडीतून आली की बिस्किटं मागते. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा दूध-बिस्किटं होतात आणि रात्री ताटावर बसवलं की दोन घासांत ‘पोट भरलं’. भूकच कमी आहे का? (नाशिक)

उत्तर : भूक कमी नाही, ती आधीच भागलेली असते. सहा ग्लुकोज बिस्किटं आणि साखर घातलेलं कपभर दूध मिळून अडीचशे ते तीनशे कॅलरी होतात. या वयाची दिवसभराची गरज हजार-अकराशेच्या घरात. म्हणजे पाव दिवसाचं खाणं साडेसहालाच उरकलं. आठ वाजता वरणभात कसा जाणार?

तेव्हा पदार्थ बदलण्याआधी वेळ बदला. खाऊ आणि जेवण यांत दोन-अडीच तास गेले पाहिजेत. आठला जेवत असाल तर साडेपाचनंतर पाण्याशिवाय काही नाही. दूध दिवसाला ४०० मिलीच्या आसपास पुरे. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलांच्या पोटात डाळ-भाजीला जागा उरत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे रक्त कमी होतं. खाऊ वाटीत काढून, खाली बसवून द्या. पुडा हातात दिलात की तो संपेपर्यंत थांबणं नाही. दहीपोहे, उकडलेलं रताळं तुपाच्या थेंबासह, अर्धं अंडं, केळं, फोडणीची पोळी, यांपैकी काहीही चालेल. पहिले काही दिवस रडारड होईल. घरच्या आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बिस्किटांचा डबा त्यांच्याच हातून उघडतो.

प्रश्न : छोट्या सुट्टीच्या डब्यात मुगाची धिरडी देते, पण ती वातड होतात. पहिलं तर तव्यालाच चिकटतं. काय चुकतं? (सांगली)

उत्तर : प्रमाणापासून पाहू. एक वाटी हिरवे मूग आणि दोन चमचे तांदूळ एकत्र पाच-सहा तास भिजवा. तांदूळ वगळू नका, त्यानेच कडा कुरकुरीत होतात. भिजवणाचं पाणी फेकून द्या आणि अर्धी वाटी ताजं पाणी थोडं थोडं घालत, जिरं आणि बोटाच्या पेराएवढं आलं टाकून वाटा. पळीतून सलग धार पडेल पण पाण्यासारखी वाहणार नाही, इतपत पीठ हवं. किसलेलं गाजर किंवा दुधी घालायचा असेल तर पिळून घ्या आणि मीठ अगदी शेवटी, तव्याजवळ उभं राहिल्यावर घाला. आधी घातलंत की भाजीला पाणी सुटतं, पीठ पातळ होतं आणि मग तुम्ही त्यात बेसन ढकलता. वातडपणा बऱ्याचदा तिथूनच येतो.

दुसरं कारण म्हणजे आच. धिरडं कागदासारखं पातळ पसरून मोठ्या आचेवर भाजलं तर तासाभरात चामड्यासारखं होतं. तळहाताएवढं, जरा जाडसर घाला. कडेने अर्धा चमचा तेल, मध्यम आच, पहिली बाजू झाकण ठेवून दोन मिनिटं, उलटून एक मिनिट. चिकटतं ते तवा नीट तापलेला नसताना किंवा कड सुटायच्या आत उलथनं घातल्यामुळे. कड आपोआप वर उचलली जाते, तोवर थांबा. एवढ्या पिठात दहा-बारा होतात, लहान मुलाला दोन पुरतात.

डबा भरण्याआधी धिरडी जाळीवर दहा मिनिटं गार होऊ द्या. गरम भरली तर वाफ झाकणाला लागून पाणी परत त्यांच्यावरच पडतं. वरून लिंबाचे चार थेंब पिळलेत तर मुगातलं लोह अंगी जास्त लागतं. उरलेलं पीठ फ्रीजमध्ये एक दिवस टिकतं. उन्हाळ्यात ओट्यावर दुपारपर्यंतच आंबतं.

प्रश्न : साखर बंद करून गूळ सुरू केला. आता गुळाचे लाडू आणि चिक्की हवी तेवढी चालेल ना? (लातूर)

उत्तर : नाही. चव वेगळी, पण कॅलरी जवळपास तेवढ्याच आणि दातांनाही त्रास तोच. चिक्की तर दाढेच्या खाचेत अडकून बसते. लाडू द्या, पण आवळ्याएवढा आणि जेवणाला लागून, मग चूळ भरायला लावा. खरा फायदा नाचणीचा : १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणीच्या लाडवात गूळ पिठाच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि लाडू वळायला तूप पुरेना तर गूळ न वाढवता दाण्याचा कूट वाढवा.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलाला फुटाणे, शेंगदाणे, द्राक्षं दिली तर चालतात का? (पुणे)

उत्तर : फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. या वयात मागच्या दाढा धड आलेल्या नसतात, दाणा चावला न जाता घरंगळतो आणि श्वासनलिकेत बसू शकतो. दाण्याचा कूट दह्यात किंवा पोळीच्या चुऱ्यात मिसळून द्या. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. आडवं चिरलं तर चकती गोलच राहते. पॉपकॉर्न आणि कच्च्या गाजराचे तुकडेही नकोत, गाजर किसून किंवा वाफवून द्या. पळता पळता, गाडीत किंवा हसवत भरवणं तर मुळीच नको.

प्रश्न : दुधात घालायच्या ‘हेल्थ ड्रिंक’ पावडरीची गरज असते का? (ठाणे)

उत्तर : निरोगी मुलाला नाही. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल २०२४मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या गटातून काढायला सांगितलं होतं. डब्यामागची घटकांची यादी वाचा : वजनाने जे सर्वांत जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं. साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा आणि ठरवा.

प्रश्न : मोठ्यांबरोबर घोटभर चहा? (रत्नागिरी)

उत्तर : नको. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, शिवाय कॅफिनने झोप उडते. वेलची घातलेलं कोमट दूध मोठ्यांसारख्याच कपबशीतून द्या. बहुतेकांना हवी असते ती बशीच.