सोमवारी सकाळी कोण?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नव्या कल्पना काढायची दोन दिवसांची कार्यशाळा तू घेतलीस, भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी भरली, टाळ्या पडल्या, आणि महिनाभरात त्या कल्पनांचं कुणी नावही काढलं नाही. आता तू विचारतेस, माझं काही चुकलं का, दुसरी एखादी पद्धत शिकू का? नको. एम्पथी मॅप, डबल डायमंड, प्रोटोटाइप ही लोकांची गरज समजून कल्पना शोधायची आणि करून बघायची सगळी तंत्रं तुला माझ्यापेक्षा नीट येतात. तू फक्त एक प्रश्न विचारला नाहीस: इथे जे निघेल ते सोमवारी सकाळी कोण हातात घेणार?

तू भिंतीवर लावतेस ती चिकट चिठ्ठीच घे. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला तो हलका, सहज सुटणारा गोंद सापडला १९६८ साली. त्याचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. तरी तो सहकाऱ्यांना त्याबद्दल सांगत राहिला. त्यातल्याच आर्ट फ्रायला १९७४ मध्ये उपयोग सुचला, कारण चर्चमध्ये गाताना त्याच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या. अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. बारा वर्षं! सुचणं एका क्षणाचं होतं, बाकीचा सगळा काळ कुणीतरी ती गोष्ट सोडली नाही म्हणून सरला.

मी हे फार उशिरा शिकलो. एका रुग्णालयात कार्यशाळा घेतली होती. ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती अर्धवट पोचायची. एका नर्सने पुठ्ठा कापला, बँडेजच्या चिकटपट्टीने त्याला तीन कप्पे केले: दिलेलं औषध, राहिलेलं औषध, डॉक्टरांना विचारायचं. प्रत्येक खाटेला एक. दहा मिनिटांत सगळ्यांना पटलं. मी फोटो काढला, अहवालाच्या पहिल्या पानावर छापला, मानधन घेतलं आणि निघालो. आठ महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी गेलो, तर तो पुठ्ठा बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर धूळ खात पडलेला. तीच नर्स भेटली. म्हणाली, "सर, त्याचं पुढे काय झालं?" मंजुरी ज्यांच्या हातात होती, ते दोन दिवसांत एकदाही खोलीत आले नव्हते. आणि मी त्यांना बोलावलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी अट आहे. मंजुरी देणारा माणूस पूर्ण वेळ बसणार. निवडलेल्या कल्पनेवर कोण काम करणार, त्याला आठवड्याचे किती तास मोकळे मिळणार, पहिल्या चाचणीला किती पैसे, हे तारीख ठरण्याआधी कागदावर हवं. या अटीपायी कामं गेली. लोक हेकेखोर म्हणतात. म्हणू देत. घर मलाही चालवायचं होतं, पण दमलेल्या माणसांकडून दोन दिवस मागून घ्यायचे, त्यांच्या डोळ्यांत आशा जागवायची आणि भिंत पुसून निघून जायचं, हे माझ्याने पुन्हा होणार नव्हतं. मी चुकीचा वागलो असं मला आजही वाटत नाही.

तू लिहितेस, "निदान लोक मोकळेपणाने बोलले तरी." अगं, बोलले आणि पुढे काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी ते बोलणार नाहीत! ते नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही.

आणि हो, कल्पना आधी एकेकट्याने लिहायला लाव, मग गटात आण. गटात बोलायची पाळी येईपर्यंत अर्धं डोक्यातून निघून जातं. पाळीची वाट पाहण्यामुळे गटात कल्पना कमी निघतात, हे डील आणि श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांनी दाखवलं आहे. पण हे दुय्यम. सोमवारी सकाळी कोण, ते आधी.

पुढच्या महिन्यातली बॅच साहेबांनी तुझ्या गळ्यात टाकली आहेच. त्यांना हाच प्रश्न विचार. "बघू" म्हणाले, तर तारीख देऊ नकोस. रागावले तरी देऊ नकोस.

पाठवणी विभागातल्या ज्या काकांच्या कल्पनेबद्दल तू अर्धं पान भरून लिहिलं आहेस, त्यांना आजच भेट. त्यांची कल्पना अडकली आहे आणि कुठे अडकली आहे, हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. मी त्या नर्सला आठ महिने काहीच कळवलं नव्हतं.

तुझा,
सर